नारळी पुनव, चौऱ्याऐंशी

"मोरू... मोरू... नाही हो मावशी," गोदा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "नाव घालून पाहिलं, गाव घालून पाहिलं. यात नाही."

"नीट बघ गो," आवडाबाई काउंटरला रेलली. "अख्खा कोळीवाडा कोंबलास त्या पेटीत, नि माजा पोरगाच ऱ्हायला?"

गोदा ओशाळली. नौपाड्यातल्या आपल्या स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्ह ती सहा महिने स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवत होती. प्रत्येकीला नाव, गाव, सण, साल. लोक तारीख विसरतात, सण विसरत नाहीत, हे तिच्या वडिलांचं, हरिहरअण्णांचंच म्हणणं. आठ हजार झाल्या. अण्णांना वाटे, पोरगी धंदा शिकतेय. पोरगी शोधत होती एकच चेहरा, बाळदादाचा.

चौदा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या नारळी पुनवेला खाडीत होडी उलटली. आवडाबाईचा मोरू गेला. हौसेनं त्याच्याबरोबर बसलेला बाळही गेला. गोदा तेव्हा पाच वर्षांची. दादाचा हात आठवे, तोंड आठवेना. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. विचारलं की अण्णा म्हणत, "होते ते भिजून गेले," आणि ताटावरून उठत.

मोरूचा फोटो मात्र होता. होडी सुटण्याआधी अण्णांनीच काठावर काढलेला. आवडाबाई दर पुनवेला, खाडीत नारळ सोडला की, नवी प्रत न्यायला येई. खाऱ्या हवेनं जुन्या फोटोला बुरशी धरते म्हणे.

"पण अण्णा," गोदा मागे बसलेल्या वडिलांकडे वळली, "वहीत त्या दिवसाच्या रोलपुढे तुम्हीच लिहिलंय, उजेड लागून वाया गेला म्हणून."

"एक वाचलेली," अण्णा तुटक म्हणाले. "ती मशीनमध्ये घालायची नाही. बसा आवडाबाई."

आतल्या कपाटाची किल्ली वाजली. डार्करूमचं दार लागलं. आज तिथे गोदालाही मनाई. बऱ्याच वेळानं अण्णा आले ते फोटो कागदात गुंडाळून, दोरा बांधूनच. डोळे लालबुंद.

"औषधाची वाफ," ते कुणी न विचारताच म्हणाले.

आवडाबाईनं पुडकं न उघडता कपाळाला लावलं. मोतीबिंदूनं तिचे डोळे दुधाळ झाले होते.

"यंदा तर मला दिसायचा बी नाय," ती हसली. "पन हाताला वळख हाय."

"गोदे, रिक्षापर्यंत सोड त्यांना."

रस्त्यात आवडाबाई गोदाच्या खांद्याचा आधार घेत, एकेक पाऊल चाचपत चालली होती. कोपऱ्यावर ती थांबली. पुडकं तिनं गोदाच्या हातात दिलं.

"हा तुज्या पेटीत ठेव. बापाला सांगू नको."

"आणि तुम्हाला?"

"घरी हायेत की सगळे. एकाला बुरशी नाय."

गोदाला काही उमजेना. तिनं दोरा सोडला.

"बरं. मग मी लिहिते, मोरू, कोळीवाडा, नारळी पुनव..."

"मोरू नको लिवू, पोरी."

गोदाचा हात कागदावरच थांबला.

"तुज्या भावाचं नाव लिव. वाचली ती त्याचीच, पन मला नाय म्हनवेना तुज्या बापाला. पयल्या सालीच वळखलेला मी," आवडाबाई म्हणाली. "पन मी मागाया आले नसते, तं तुज्या बापानं त्याला कपाटाभायेर काढला असता कवा?"