हळू निघणारा पट्टा

"हा गिटारचा आहे," बासिलिओ म्हणाला आणि पट्टा काउंटरवर टाकून दिला. "हा अडकवून माळावर गेलो तर तितरं गाण्याची फर्माईश करतील."

खोगीर-लगाम शिवणाऱ्या ओरोस्मानने दुसरा काढला. अरुंद, चकचकीत, कातडी.

"हा मोंतेविदेओच्या साहेबांचा. पाऊल टाकलं की करकरतो. कुत्रीला वास लागायच्या आधी पाखराला निरोप."

"पापा, एकदा खांद्यावर घालून तरी बघा," नूबिया म्हणाली. आठ महिन्यांची लेक कडेवरून वाकून काउंटरवरचं सुटं बक्कल पकडत होती. नूबियाने न बघताच तिची मूठ सोडवली.

"जन्मभर बंदूक हातात धरली मी. खांद्यावर टांगली की ती बंदूक नाही, खुंटीवरचा कोट."

"डॉक्टर म्हणाले ना, दंडावर ताण नको."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. ते मोतीबिंदूबद्दल बोलले होते, आणि शस्त्रक्रियेचा शब्द निघताच बासिलिओ टोपी चढवून उठला होता.

मे लागला की तितरांचा हंगाम उघडायचा आणि दर रविवारी बासिलिओ आणि त्याचा जावई विल्मार कुत्रीच्या मागे माळ तुडवायचे. गेल्या हंगामात दोनदा असं झालं होतं, की तितर फडफडत उठलं आणि त्याच्या मागे फिरणारी बासिलिओच्या बंदुकीची नळी विल्मारच्या छातीवरून गेली. विल्मारने हे घरी येऊन हसत सांगितलं. नूबिया हसली नाही. सासऱ्याला नको म्हणण्याची विल्मारची टाप नव्हती. बापाच्या हातातून बंदूक काढून घ्यायची, तर सगळ्या गावात त्याची शोभा. तेही तिच्याने होणार नव्हतं. म्हणून पट्टा. टांगलेली बंदूक खांद्यावरून उतरेपर्यंत तितर कुंपणापलीकडे गेलेलं असतं.

तिला सगळ्यांत हळू निघणारा पट्टा हवा होता.

"जावयालाही दाखवू का एखादा?" ओरोस्मानने विचारलं.

"त्याला सुतळी पुरे. बंदूक कुठे विसरू नये एवढ्यापुरती." बासिलिओने भांड्यातल्या 'माते'चा, त्या कडू पाल्याच्या चहाचा, शेवटचा घोट नळीने ओढला. "विमे विकतो तो. माळावर चालतो तेही बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा. दोन हंगामांत मिळून तीन तितरं. तीही म्हातारपणाने मरायला टेकलेली."

"आणि तुम्ही किती पाडलीत?" नूबियाच्या तोंडून निघून गेलं. "तुमची तितरं मुरवायची माझी व्हिनेगरची बरणी दोन वर्षं पालथी आहे."

"हल्लीची तितरं काडतुसाच्या लायकीची नाहीत. चिमण्या नुसत्या. मी त्यालाच सोडतो सगळी, ठोंब्याचा हात तरी बसेल."

ओरोस्मान खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधू लागला. वर आला तेव्हा त्याच्या हातात दोन पट्टे होते.

"तुझ्या दुनळीला पट्टा अडकवायच्या कड्या नाहीत, म्हणजे फासाचाच पट्टा लागणार. एक फास नळ्यांवर, एक दस्त्यावर. आता हा बघ." त्याने पहिल्याचा आकडा दाबला, पट्टा एका झटक्यात सुटून पडला. "तारेत अडकत नाही. पाखरू उठलं, आकडा दाबला, बंदूक हातात. जाणती माणसं हाच नेतात."

नूबियाने दुसऱ्या पट्ट्यावर हात ठेवला. बापाला जाणतं म्हटलं की तो काहीही विकत घ्यायचा.

"तो दुसरा किती मऊ आहे," ती घाईने म्हणाली.

दुसरा हातभर रुंद वाटावा इतका ऐसपैस होता, आतून लोकर लावलेला, दोन बकलांचा. बासिलिओने तो घरून आणलेल्या गवसणीतल्या बंदुकीला तसाच गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

"हा दे."

"उतरवायला वेळ लागतो, आत्ताच सांगतो," ओरोस्मान म्हणाला. "तोवर पाखरू नदीपार."

"जाऊ दे. वागवायचीच तर आहे. खांदा दुखत नाही याने."

नूबियाने घरून निघताना तीन कारणं पाठ करून ठेवली होती. एकही लागलं नाही. बाप इतक्या सहज कुठल्या गोष्टीला कबूल झालेला तिने कधी पाहिला नव्हता. खरंच म्हातारे झाले, तिला वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

बासिलिओने बंदूक काउंटरवर ठेवली, थर्मास काखेत मारला आणि शेजारच्या बेकरीत गरम पाणी भरून घ्यायला गेला. दार लागताच नूबिया पुढे झुकली.

"ओरोस्मानकाका, बकलं घट्ट शिवा. बोटं दुखतील इतकी घट्ट."

"का गं?"

"पापांना दिसत नाही नीट. कबूल करत नाहीत. एखाद्या रविवारी विल्मारला..." तिने लेकीला छातीशी धरलं. "मला झोप येत नाही, काका."

एरवी मोंतेविदेओच्या अडाणी साहेबांसाठी राखून ठेवलेल्या नजरेने ओरोस्मानने तिच्याकडे पाहिलं.

"कॉलेजात गेली होतीस ना तू?"

त्याने गवसणी सोडली. कुणाचीही बंदूक हाती आली की आधी उघडायची, तशी दुनळी मधून मोडून उघडली आणि तिच्या समोर धरली. नळ्यांमागच्या लोखंडात, जिथून काडतूस ठोकून बार उडवणाऱ्या सुया बाहेर यायला हव्यात, तिथे दोन रिकामी भोकं होती.

"तुझ्या लग्नाच्या आठवड्यात काढायला लावल्या तुझ्या बापाने मला," ओरोस्मान म्हणाला. "म्हणाला, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आणि ते येडं नेमकं नळीपुढेच चालतं. पोरीला बोलू नकोस, उगाच घाबरेल."