तीनशे दाखले आणि एक एन्टर

"काका, उठा बघू खुर्चीवरून!" मी चक्क शाळेच्या क्लार्कना, भोईरकाकांना, हुकूम सोडला. शिष्यवृत्तीचे तीनशे दाखले आजच हवे होते, काका एकेक नाव टाइप करत बसले होते आणि चार वाजता त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण होतं.

"काही बिघडवलंस ना, तर माझं जेवण हुकेल आणि तुझी दहावी," असं म्हणत ते उठले.

सुट्टीत शिकलेल्या कोडिंगची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून मी एन्टर दाबलं. हजेरीच्या यादीतली नावं धडाधड दाखल्यांवर जाऊन बसली. दीड मिनिटात! मी खुर्चीतच गिरकी घेतली.

काका मात्र चष्मा लावून दाखले बघू लागले. "थांब. सातवीतल्या रेवतीला आता आईचं नाव लागतं, जूनमध्ये अर्ज आलाय. तू वडिलांचंच घातलंस. वर्गात कागद हातात पडल्यावर रडली असती पोर."

माझी गिरकी जिरली. "अजून कोण आहे असं?"

काकांनी रजिस्टर न उघडता आणखी दोन नावं सांगितली. मी तिन्ही नावं बदलली, पुन्हा एन्टर दाबलं.

सव्वातीनला काका निघाले आणि दारातून वळले. "चल गं, तूही चल. बाबा वेळेवर कसे आले, असं लेक विचारेल. तिला दाखवायला कुणीतरी हवं."