हळदीतला बँजोवाला

"बाबा, फाईलला नाव देताय की लग्नपत्रिका छापताय?" समृद्धी कायम चिडवायची. पनवेलच्या त्यांच्या स्टुडिओत वर्ष, गाव, लग्नघर असे फोल्डर, आणि बाबा प्रत्येक फोटोला त्यातल्या सगळ्यांची नावं देणार! तिने मात्र नाव टाइप करताच फाईल शोधणारं सॉफ्टवेअर कालच टाकलेलं. आज बाबा ऑर्डरवर गेले आणि त्यांच्या ओळखीच्या गंगाबाई धावत आल्या.

"बाय, आमच्या यांची उद्या साठी हाय. बॅनरला फोटो पायजे, आन् घरात येक नाय! जनम गेला लोकांच्या हलदीत बँजो वाजवन्यात."

"कुणाच्या हळदीत?"

"सगल्यांच्याच की!"

"मग त्यांचं नाव सांगा, सेकंदात शोधते."

गंगाबाईंनी पदर तोंडाला लावला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ?"

"बरं बाई, तुमचं टाकते!"

तिने 'गंगाबाई' टाइप केलं आणि धडाधड सतरा फोटो आले. सतरा लग्नं, सतरा फोल्डर, आणि प्रत्येक फाईलला बाबांनी दिलेलं नाव एकच: 'नाचताना गंगाबाई, बघताना काशिराम बँजोवाला'.

पदराआडून गंगाबाई म्हणाल्या, "बॅनरवर मलापन ठेव. नायतर लोक इचारतील, ह्यो बगतोय कुठं?"