टेकोड्यांची जागा

"जीव मांगा साहेब, देतो. जागा नाई सांगत!" सत्यभामाबाईनं ठणकावलं.

धामणगाव बढ्याच्या रानालगतच्या सरकारी बंगल्याचा ओटा बायकांनी भरला होता. मुंबईहून आलेल्या साहेबानं घाम पुसला अन् पुन्हा पहिल्यापासून समजावलं. परदेशात अणुबाँब फोडून पाहतात. त्याची धूळ ढगात जाते, पावसातून खाली उतरते, मातीत मुरते. रानातली भूछत्रं, म्हणजे तुमचे टेकोडे, ती शोषून घेतात. माती तपासू दिली नाही, तर टेकोडे खायला बंदी.

सत्यभामाबाई पेचात पडली. टेकोड्यांची जागा कोणी कोणाला सांगत नसतं. सांगितली, की पुढच्या साली तिथं दुसऱ्याची टोपली. तिच्या सासूनं आपली जागा मरतेवेळी तिला सांगितली, अन् तीही पोटच्या पोराला खोलीबाहेर काढून.

शेवटी साहेबच नमला. "जागा राहू द्या. तिथली मूठभर माती तरी उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी झाडून साऱ्या बायका पुड्या घेऊन हजर. साहेबानं सत्यभामाबाईची पुडी अणुधूळ मोजायच्या यंत्रापुढं धरली. यंत्र टरटरलं. सुभद्राबाईची धरली. तेवढीच टरटर. जनकाबाईचीही तशीच.

"अख्खं जंगल बाधलंय!" साहेब जवळजवळ नाचलाच. "या मातीतलं ज्यानं खाल्लं, त्याला आजच मलकापूरहून रेल्वेनं मुंबईला तपासणीला न्यायचं. सरकारी हुकूम आहे. कोणी कोणी खाल्लं?"

बायकांनी एकमेकींच्या पुड्यांकडं पाहिलं. सगळी माती एकाच आईची दिसत होती.

तेवढ्यात बंगल्याचा खानसामा इंद्रभान साहेबाचं ताट घेऊन तणतणत आला.

"माह्या वांग्याचा वाफा कोनं खांदला? सारे झाडं उलथे पाडले!"

जनकाबाईनं नखातली माती हळूच लुगड्याला पुसली.

"कुठला वाफा?" साहेबानं ताट पुढं ओढून भरल्या तोंडानं विचारलं.

"मांगचा ना जी, पागोळ्याखालचा. साऱ्या छपराचं पावसाचं पानी तिथंच जिरते, म्हनून त वांगे असे पोसले. आल्यापासून तुमाले तेच खाऊ घालून राह्यलो."

साहेबाचा घास गालातच थांबला.

सत्यभामाबाईनं पदर खोचला.

"इंद्रभान, छकडा जुंप. साहेबाले मलकापूरले पोचवून दे. हुकूम सरकारी हाय."