अकरा ओळी

दिव्यानीनं खांबावरची पेटी उघडली. आत हिरवा दिवा लागलेला होता. वाघानं बायनाबाईला मारलं त्या पहाटेही तो असाच लागलेला होता.

खाली रामाजीभाऊ शिडी धरून उभे होते. बायकोचा, बायनाबाईचा, दहावा होऊन दोनच दिवस झालेले. उतरवलेल्या केसांचे खुंट नुकते दिसू लागले होते. शिडी धरायला कोणीही आलं असतं. पण दिव्यानी नागपूरहून आल्याचं कळलं तसे ते आपणहून निघाले.

पोंभुर्ण्याच्या पुढचं हे गाव संपतं तिथंच जंगल सुरू होतं. त्या काठावरच्या खांबावर कॅमेरा, खाली ही पेटी आणि पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. कॅमेऱ्याला वाघ दिसला की भोंगा वाजायचा. प्रोग्राम दिव्यानीनं लिहिलेला, कॉलेजात असताना, आपल्याच गावासाठी. दोन वर्षांत भोंगा नऊ वेळा वाजला होता. नऊही वेळा बाया मोहफुलं वेचायचं सोडून सुखरूप घरी आल्या होत्या.

तिनं पेटीला वायर जोडली, खाली उतरली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खांबाशी बसली.

"त्या राती वारावादळ सुटलं होतं," रामाजीभाऊ म्हणाले. "लाइन गेली, मंग आली. दिवा लागला. मी सोता पायला."

"लाइन आली तशी पेटी सुरू झाली, भाऊ."

"मंग भोंगा काऊन नाई वाजला?"

हे तिला गावात अजून कोणीच विचारलं नव्हतं. वाघ मागच्या अंगानं आला असेल, कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल, बायनाबाईची वेळ भरली असेल. लोकांनी आपापली उत्तरं शोधली होती. दिव्यानी गप्प राहिली असती तर तीच कायम राहिली असती.

"पेटी सुरू झाली, पन माहा प्रोग्राम नाई झाला," ती म्हणाली. "लाइन आल्यावर त्याले उठवाचं काम एक फाइल करते. माही फाइल जुन्या पद्धतीची होती. होळीच्या आदुगर पेटीतली सिस्टीम नवी टाकली, तवा प्रोग्राम मी हातानं सुरू केला होता. नव्या सिस्टीमले ते जुनी फाइल समजतच नाई. त्याच्यानं प्रोग्रामले कोनी उठवलंच नाई."

रामाजीभाऊ ऐकत होते.

"मले माहीत होतं, भाऊ. दिवाळीतच सिस्टीमवाल्याइचा मेल आला होता, फाइल बदलवा म्हनून. मी म्हनलं, करू. नोकरीच्या कामात राहूनच गेलं."

"लय मोठं काम होतं काय?"

दिव्यानीनं स्क्रीनकडे पाहिलं. जुनी फाइल नव्वद ओळींची होती. नवी रात्रीच लिहून झाली होती.

"अकरा ओळी," ती म्हणाली.

रामाजीभाऊ खाली बसले. मातीतली एक काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "पयले ती एकली नाई जाये जंगलात. चार बाया जमल्याबिगर पाय नाई टाके. भोंगा आला तवापासून एकलीच जाये, समद्याइच्या आदुगर. मी रागवो, तं मने, दिव्यानीचा भोंगा हाये ना."

ते रागानं बोलले असते तर दिव्यानीला बरं वाटलं असतं.

तिनं काम पुढं नेलं. कॅमेरा जागा झाला की उठ. पडलास तर पुन्हा उठ. कितीदाही पडलास तरी उठ. फाइलीत एवढंच होतं. जुनी फाइल तिनं काढून टाकली आणि नवीसकट प्रोग्रामचं पॅकेज पुन्हा बांधून पेटीत चढवलं. बदलांच्या यादीत एक ओळ लिहावी लागते, ती लिहिली: सुरू करण्याची फाइल नव्या पद्धतीची केली. कारण लिहायला खाली जागा होती. ती जागा तिनं कोरीच सोडली.

"आता लाइन बंद करा, भाऊ."

त्यांनी खांबावरचा खटका पाडला आणि ती म्हणेपर्यंत वर केला नाही. पेटी पुन्हा सुरू झाली. दिव्यानीनं कुठल्याही बटणाला हात लावला नाही. थोड्या वेळानं स्क्रीनवर प्रोग्रामचं नाव आपोआप उमटलं. आपला आपण उठला होता.

आता वाघ दाखवून पाहायचा होता. मोबाइलवर वाघाचा फोटो उघडून ती शिडीवर चढली, आणि थबकली.

"बाया आत हायेत, भाऊ. भोंगा वाजला तं भेतीन. पयले सांगून येऊ काय?"

"भेऊ दे," रामाजीभाऊ म्हणाले. "येतीन तं."

तिनं फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. भोंगा वाजला. खांब थरथरला, पाखरं उठली.

पायवाटेनं बाया धावत आल्या. पुढं धुरपता, मागं दोघी पोरी, मग टोपल्या तिथंच टाकून आलेल्या पाचसहा जणी. सगळ्यांत शेवटी म्हातारी सोमारी, लुगडं वर खोचून, धापा टाकत. तिनं मागं वळून पाहिलं, मग बायांकडे.

"समद्या आल्या," ती म्हणाली.

दिव्यानीनं भोंगा बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," रामाजीभाऊ म्हणाले. त्यांची नजर रिकाम्या पायवाटेवर होती. "जराक वाजू दे अजून."