हॅट

"'आम्ही देवद्रोही नाही' या पत्रकाच्या दोन प्रती हव्यात," लंडनच्या त्या लहानशा दुकानात शिरलेला माणूस हॅट न काढताच म्हणाला.

मर्सीला बरं वाटलं. तिच्या क्वेकर पंथातला माणूस देवाखेरीज कुणापुढे हॅट काढत नाही, न्यायाधीशापुढेही नाही. त्याच हट्टापायी तिचा नवरा तुरुंगात मेला होता. हे पत्रक त्यानंच लिहिलेलं. आता खाली तळघरात लेक चोरून त्याच पत्रकाच्या छपाईचे खिळे जुळवत होती.

"धीराची आहेस हो तू," तो म्हणाला. "छापतं कोण?"

ती सांगणारच होती, तेवढ्यात बाहेरून न्यायाधीशांची घोडागाडी गेली. त्याचा हात सवयीनं वर गेला आणि हॅट छातीशी आली.

दोघांनीही त्या हॅटकडे पाहिलं. त्यानं ती सावकाश पुन्हा डोक्यावर ठेवली.

"बरं झालं, सोंग संपलं. छापखाना कुठंय? खोटं बोलणं तर तुमच्या धर्मात बसत नाही."

मर्सी त्यांच्या मूक प्रार्थनासभेत बसायची तशी ताठ, गप्प बसून राहिली.

त्या शांततेत पायाखालून धप्प असा आवाज आला. लेकीचे खिळे जुळवून झाले होते; छपाई सुरू झाली होती.