संदर्भांची यादी

"नीलिमा, तुझा लेख मंजूर झाला की त्याच दिवशी ते घर सोड. देवाची शपथ घे," मावशी म्हणाली होती. तेव्हा नीलिमाचा हात प्लॅस्टरमध्ये होता. तिच्या लेखाचे कागद फाडताना ती आडवी आली म्हणून नवऱ्याने मोडला होता.

आज प्राध्यापक नवरा, हरिश्चंद्र, एका संशोधन-पत्रिकेसाठी कुणाचा तरी लेख तपासत होता. विषय कोकणातली चक्रीवादळं. लेखकाचं नाव नियमाप्रमाणे झाकलेलं. चहा गार झाला म्हणून त्याने कप तिच्या अंगावर भिरकावला.

"संदर्भांची यादी बघ ही! एक चूक नाही. मंजूर! याला म्हणतात डोकं. तू बस देवापुढे घंटी वाजवत."



नीलिमाने आपल्याच लेखावरचा तो शेरा वाचला, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला आणि पेणकरपाड्याला मावशीकडे निघाली.